टोपली रिकामी झाली तरी

आमचं शेत रस्त्याला लागून होतं, त्याचं भाग्य काय ते एवढंच. जमीन चार एकर, त्यातली एक एकर नुसती मुरमाड, आणि विहिरीचं पाणी होळीच्या पुढे जात नसे. पण जामच्या चौफुलीपासून कोसभरावर, नागपूरहून हिंगणघाटकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी काठावर ते पडलेलं होतं आणि कोपऱ्यात एक मोठी चिंच होती. चिंचेखाली मोटारी थांबत. ड्रायव्हर इंजिनात पाणी घालत, माणसं खाली उतरून पाय मोकळे करत. हे बघूनच माझ्या सासूनं तिथं मांडव घातला होता. बाभळीचे चार खांब, वर तुराट्यांचं छप्पर आणि मागून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, कूड. मी लग्न होऊन आले तेव्हा पन्नास साल नुकतंच सरलं होतं. सासू त्या मांडवात बसून शेतातलं जे निघेल ते विकायची. पावसाळ्यात वाळकं, दसरा-दिवाळीला सीताफळं, थंडीत बोरं, मग हरभऱ्याचे ढाळे. कापूस आणि तूर पुरुषांची. मांडव बायकांचा.

मांडवात दोन जागा होत्या. एक आमची, दुसरी धुऱ्यापलीकडच्या बाईची. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तिचं शेत आमच्या निम्म्याएवढं होतं आणि आमच्या मागे होतं, रस्ता त्याला शिवत नव्हता. गाव तेव्हा ज्याला महारवाडा म्हणायचं त्या वस्तीत तिचं घर. सासूनं तिला मांडवात जागा दिली ती काही फार मोठ्या मनानं दिली असं मी सांगणार नाही. सीताफळाची चांगली झाडं सगळी धुऱ्यावर होती आणि धुरा दोघांचा. फळं दोघांची, तर विकायलाही दोघी.

ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. उंच, काळीसावळी, पुढचा एक दात पडलेला, आणि त्या फटीतून ती फार हसायची. मी तिला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हटलं आणि तिनं मला 'तुमी'. मी सोळा वर्षांची, ती दोन मुलांची आई, आणि तरी तसंच. गावात तसंच होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. वर्षभरानं मात्र मांडवात दोघीच असलो की तीही मला 'तू' म्हणायला लागली. मोटार थांबली, माणसं उतरली की पुन्हा 'तुमी'. गिऱ्हाईक गेलं की 'तू'. आम्हाला त्याचं हसू यायचं. मी मुद्दाम गिऱ्हाइकासमोर तिला चिमटा काढायची, बघू या हिच्या तोंडून काय निघते. ती कधी चुकली नाही.

मांडवाची एक रीत होती. सासूनं मला ती पहिल्याच हंगामात सांगितली. ती म्हणाली, "टोपलं खाली झालं म्हून उठायचं नाई. जिचं उरलं तिनं आपला निम्मा माल खाली टोपल्यात ओतायचा. दोघीचं सरलं का मंगच दोघीनं उठायचं."

मी विचारलं, "काऊन?"

"एक टोपलं खाली अन् एक भरेल दिसलं, तं लोक समजते का भरेल टोपल्यातला माल सडका हाय. अन् एकटी बाई रस्त्यावर बसू नये."

हिशोब सरळ होता. सीताफळ थांबत नाही. सकाळी त्याचे डोळे उघडलेले, सांजेपर्यंत विकलं गेलं तर ठीक, दुसऱ्या दिवशी त्याला बोट लावलं तरी फुटतं. त्यामुळे जिचं उरलं तिचं त्या दिवसाचं सगळं गेलं. मग एकीची टोपली रिकामी झाली की दुसरी काही न बोलता आपल्यातली फळं ओंजळीनं तिच्या टोपलीत घालायची आणि आम्ही दोघी ओरडायचो. पैसे ज्याच्या फळाचे त्याला. यात कधी खोट झाली नाही.

आता एक गोष्ट त्या वेळी मी कधी मोठ्यानं बोलले नाही, ती इथे लिहून टाकते. माझ्या टोपलीत गेल्यावर तिची फळं लवकर खपत. मोटारीतून उतरणारी माणसं कोणाची टोपली म्हणून विचारत नसत, कारण मी तिथं बसलेली असे. माझं कुंकू, माझ्या बांगड्या, माझ्या मागचा पाण्याचा रांजण, हे बघून लोकांचं समाधान व्हायचं. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. तिथे गावातली दोन-चार रिकामटेकडी माणसं दिवसभर बसलेली. एखाद्या दिवशी मला ताप आला किंवा मी माहेरी गेले आणि ती एकटी बसली, तर ही माणसं उतारूंना हळूच सांगत ती कोण आहे ते. उतारू हातातलं फळ परत ठेवत. ती रात्री उरलेली फळं शेजारपाजारच्या पोरांना वाटून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी मला विचारायची, "बरं हाय का आता? येत जाय व माय, तू नसली का गमत नाई." गमत नाही हे खरं होतं, पण खरं कारण दोघींनाही ठाऊक होतं. तिच्या घरात मीठमिरची, कापडचोपड, मुलांच्या पाट्या, सगळं त्या सीताफळांवर होतं. आणि सीताफळं माझ्या बसण्यावर होती.

पाण्याचंही सांगते, नाही तर मी स्वतःला बरं दाखवते आहे असं होईल. रांजण माझा. तिला तहान लागली की ती ओंजळ धरायची आणि मी वरून गडव्यानं पाणी ओतायची, वीतभर अंतर ठेवून. पाच वर्षं ओतलं. ती पाणी पिताना डोळे मिटून घ्यायची. मला वाटायचं तिला ते थंड पाणी आवडतं म्हणून.

दुसरी रीत धुऱ्यावरची. धुऱ्याच्या मध्यावर शेंदूर लावलेला एक गोटा होता, शेताचा राखणदार म्हणून. सीताफळाचा पहिला तोडा झाला की दोन्ही घरांनी आपापली पाच फळं त्या गोट्यापाशी ठेवायची. आमची उजवीकडे, त्यांची डावीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांची पाच घरी आणायची, त्यांनी आमची पाच न्यायची. आणि त्याबद्दल एकमेकींशी एक शब्द बोलायचा नाही. फळं गोड होती का, उशीर काऊन झाला, काही विचारायचं नाही. सासू म्हणायची, बोललं की ते देणं-घेणं होते, मग त्याचा ओशाळेपणा लागते. मी त्यांची फळं आनंदानं खायची. त्यांच्या हातचं पाणी मात्र चालत नसे. मधे देव होता म्हणून फळ चालत होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटायचं हाच शेजार.

सासू पुढे आजारी पडून गेली आणि मांडव माझ्याकडे आला. त्यानंतरचे दोन हंगाम चांगले गेले. ते दिवस माझ्या आयुष्यातले बरे दिवस होते असं मी म्हणेन. दुपारी मोटारी कमी झाल्या की आम्ही पाय पसरून बसायचो. तिला गावातली प्रत्येक भानगड ठाऊक असायची आणि ती सांगताना प्रत्येकाची चाल, बोलणं हुबेहूब करून दाखवायची. माझ्या नवऱ्याचीही नक्कल करायची. तो जेवताना भाकरीकडे संशयानं बघायचा ते तिनं कुठून पाहिलं होतं देव जाणे. मी हसून हसून रडायची. मला मूल होत नव्हतं आणि घरात त्यावरून कुजबूज सुरू झाली होती. ते दुःख मी सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही, तिला सांगितलं. तिनं काही उपाय सांगितला नाही. "रड इथं, मी बसली हाय," एवढंच म्हणाली.

मग छप्पन साली दसऱ्याला त्यांची सगळी वस्ती दीक्षा घ्यायला नागपूरला गेली. चार दिवस आधी ती मला मांडवात म्हणाली, "आमी सगळे जाऊन राह्यलो. माहं टोपलं सांभाळजो."

"कायले जाता एवढे सगळे?"

"मानूस व्हाले," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मला ते थोडं लागलं. मी मनात म्हटलं, इतके दिवस काय माणूस नव्हती काय. त्यावर अधिक विचार केला असता तर बरं झालं असतं, पण मी आधीच तोंड फुगवून बसले होते.

ती गेली ते दिवस मी तिचा माल विकला. तिच्या वेलांवरची शेवटची वाळकं मीच तोडली, माझ्या टोपलीतून खपवली. परत आली ती पांढरं लुगडं नेसून. घरातले देव त्यांनी नदीत सोडले होते. वस्तीतल्या पुरुषांनी गावात सांगितलं की यापुढे मेलेली ढोरं आम्ही ओढणार नाही. ती पहिल्या दिवशी मांडवात आली तेव्हा तिच्या डोक्यावर टोपली होती आणि हातात एक नवं मातीचं मडकं. मडकं तिनं तिच्या जागेमागे ठेवलं. पाणी त्यातलं पिऊ लागली. माझ्यासमोर ओंजळ धरली नाही. मला वाटलं, बरंच झालं, माझं उठणं वाचलं. हेही खोटंच. मला ते मडकं खुपत होतं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता, फळं उशिरा भरली. पहिला तोडा दसऱ्यानंतर पाच-सहा दिवसांनी झाला. मी आमची पाच फळं गोट्याच्या उजवीकडे ठेवली. निवडून ठेवली, मोठी, भरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो आमची पाच तशीच आणि डावीकडची जागा रिकामी. म्हटलं, विसरली असेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आमच्या फळांना साळुंक्यांनी टोचे मारले होते, मुंग्या लागल्या होत्या. डावीकडे काही नाही. तिनं आमचं घेतलं नव्हतं आणि स्वतःचं ठेवलं नव्हतं.

मला फार राग आला. देव सोडला तर सोडला, तो तिचा प्रश्न. पण शेजारही सोडला? माझी फळं साळुंक्यांनी खावीत? एका शब्दानं विचारलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण विचारायचं नसतं ना. त्याबद्दल बोलायचं नाही ही रीत मी तंतोतंत पाळली, आणि बाकी सगळं मोडलं.

मांडवात मी तिच्याशी तुटक बोलू लागले. ती मधूनमधून माझ्या तोंडाकडे बघायची, वर छपराकडे बघायची, पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, नजर चुकवते आहे.

त्याच आठवड्यात गावाचा निर्णय झाला. वस्तीतल्या कोणाला कामावर घ्यायचं नाही, त्यांचं काही विकत घ्यायचं नाही, त्यांच्या शेजारी बसायचं नाही. नवऱ्यानं जेवताना सांगितलं. भाकरीकडे बघतच सांगितलं. मी विचारलं, "मंग मी काय करू?"

"मी तुले बस म्हनत नाई अन् उठ म्हनत नाई. पन पारावर माहं नाव घेतलं त्याइनं."

तो भला माणूस होता, मारणारा-झोडणारा नव्हता. बस म्हणाला असता तर मी बसले असते आणि उठ म्हणाला असता तर निदान त्याला दोष देता आला असता. त्यानं सगळं माझ्यावर टाकलं. दोन दिवस मी बसले. टपरीवरची माणसं आता उघड बघत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी एक मोटार बिघडून थांबली, बरीच माणसं उतरली आणि माझी टोपली अकरा वाजायच्या आत रिकामी झाली. तिची भरलेली होती.

तिनं नेहमीसारखी ओंजळ भरली. दोन्ही हातांत चार फळं धरून ती माझ्या टोपलीकडे वळली. मी टोपली उचलली. उचलून कमरेवर घेतली आणि उभी राहिले. तिचे हात तसेच पुढे राहिले, फळांनी भरलेले.

"जाऊन राह्यली काय?" तिनं विचारलं.

"काम हाय घरी," मी म्हटलं.

मग तिनं फळं एकेक करून आपल्या टोपलीत परत ठेवली, फुटू नयेत म्हणून हळू ठेवली. मी धुऱ्याकडे चालू लागले. टपरीवरून कोणीतरी हसल्याचं ऐकू आलं. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. एक उतारू तिच्या टोपलीशी वाकला होता, टपरीवरच्या माणसानं त्याला हाक मारली आणि तो सरळ झाला.

दिवस मावळायच्या वेळी ती आमच्या शेतावरून परत गेली तेव्हा मी विहिरीवर होते. टोपली डोक्यावर तशीच भरलेली. टोपली भरलेली असली की बाईची मान वेगळी दिसते, ते मला लांबूनही कळलं. मी बादली विहिरीत सोडली आणि खाली वाकून बघत बसले, ती जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ती येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. माझ्या आधी येऊन बसली होती. दुपारी हैदराबादकडे जाणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर पंजाबी होता, दाढीत धूळ भरलेली. तो खाली उतरला आणि त्यानं कोणालाही न विचारता तिच्या मडक्यातलं पाणी काढलं, घटाघटा प्याला, मग म्हणाला, "माई, पूरा टोकरा दे दे, घर के लिए." टपरीवरून काही ओरडा झाला असेल तर त्यानं ऐकला नाही. तिची सगळी टोपली त्यानं आपल्या पटक्यात बांधून नेली. मी बघत राहिले. माझी टोपली निम्मीही खपली नव्हती.

तिची रिकामी झाली होती. ती मोकळी होती. घरी दोन मुलं, वर गावानं काम बंद केलेलं. तिनं उठून जायला हवं होतं आणि तिनं तसं करावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे आमची फिटंफाट झाली असती. तिनं आपली रिकामी टोपली माझ्यापुढे सरकवली.

मी म्हटलं, "तू जाय. मी बसतो माही."

"ओता," ती म्हणाली.

मांडवात आम्ही दोघीच होतो. तरी ती 'ओत' म्हणाली नाही, 'ओता' म्हणाली.

मी ओतली नाहीत. माझे हात उचललेच नाहीत. मग ती तशीच बसली, रिकामी टोपली पुढ्यात घेऊन, आणि मोटार आली की माझ्या फळांसाठी ओरडली. "सीताफळं घ्या, धुऱ्यावरची, गोड हायेत." तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता, नेहमीच होता. माझं शेवटचं फळ गेलं तेव्हा ऊन उतरलं होतं. ती उठली, लुगडं झटकलं, मडकं टोपलीत ठेवलं आणि गेली. रीत तिनं पुरी केली. ती माझ्यासाठी होती की मला दाखवण्यासाठी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. दोन्ही असेल.

त्यानंतर ती मांडवात आली नाही. रस्त्याच्या पलीकडे, टपरीच्या थोडं पुढे एक कडुनिंब होता, त्याच्याखाली सरकारी जागेत बसू लागली. वर छप्पर नाही, मागे कूड नाही. कधी तिच्या वस्तीतली दुसरी एखादी बाई सोबत असे, बहुतेक वेळा एकटीच. ट्रकवाले थांबत, तेवढंच तिचं गिऱ्हाईक. मी माझ्या मांडवातून तिला बघू शकत होते. तिची टोपली किती उतरली ते मोजायची मला सवय लागली. सीताफळं संपली, बोरं आली, बोरं संपली, हरभरा आला. मी रोज ठरवायची की आज जाऊन बोलते आणि रोज मला तो रिकामा गोटा आठवायचा, मग राग यायचा, आणि त्या रागाचा आधार वाटायचा. राग नसता तर मला त्या ओंजळीकडे बघावं लागलं असतं.

मांडवात त्या हिवाळ्यात आंबूस-गोड वास येत होता. मला वाटायचं कुडामागे फळं पडून सडली असतील. दोनदा झाडून काढलं, वास काही गेला नाही. पुढे थंडी वाढल्यावर आपोआप गेला.

शिमग्याच्या आधी आम्ही दरवर्षी मांडवाचं छप्पर उतरवत असू. जुन्या तुराट्या होळीला देऊन नव्या घालायच्या. मी बाजेवर उभी राहून पेंढ्या ओढत होते. कच्ची सीताफळं आम्ही नेहमी ह्याच छपरात खोचून पिकत घालायचो, पण ती तिच्या बाजूला, कारण तिथे ऊन जास्त. माझ्या बाजूला कधी नाही. माझ्या बसण्याच्या जागेच्या अगदी वर मी एक पेंढी ओढली आणि तिच्यासोबत पळसाच्या पानांची एक पुडी खाली पडली. गवताच्या दोरीनं नीट बांधलेली. आत पाच सीताफळं होती. काळी, सुकून टणक झालेली, त्यातली दोन सडून पानाला चिकटलेली.

मी बाजेवरून खाली उतरले आणि जमिनीवर बसले.

देवापुढे ती ठेवू शकत नव्हती. तसा शब्द देऊन आली होती. आणि सांगूही शकत नव्हती, कारण बोलायचं नसतं. म्हणून तिनं दुसरी जागा शोधली. माझ्या डोक्यावर. मी मान वर केली असती तर दिसली असती. त्यासाठीच ती छपराकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती. देव मधून काढून तिनं ती फळं सरळ मला दिली होती, आणि मी त्या फळांच्याच खाली बसून दिवसचे दिवस तिच्यावर रागावत होते. तो वास त्यांचाच होता.

मला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी ती पाच फळं पदरात बांधली आणि रस्ता ओलांडला.

ऊन तापायला लागलं होतं. ती कडुनिंबाखाली हरभऱ्याचे ढाळे घेऊन बसली होती. वाळली होती. मला बघून तिनं पदर नीट केला आणि बाजूला सरकून सावलीत जागा केली. मी बसले नाही, उभी राहिले. काय बोलायचं ते मी चालताना जुळवलं होतं, ते सगळं गेलं. पदराची गाठ मुठीत धरून उभी होते.

"उन्हाच्या आल्या," ती म्हणाली. "पानी घ्या."

तिनं गडवा घेतला. आधी विसळला, आतून बाहेरून, मी बघते आहे हे ठाऊक असल्यासारखा. मडक्यातून भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. पाणी काठोकाठ होतं. मला तहान लागली होती. सकाळपासून मी तुराट्या ओढत होते, घसा धुळीनं भरला होता. गडवा घ्यायचा आणि तोंडाला लावायचा, एवढंच होतं. मग काही बोलावं लागलं नसतं, गाठ सोडावी लागली नसती, ती समजली असती. मला हे सगळं त्या क्षणी कळलं होतं. न कळून चुकले असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

मी टपरीकडे बघितलं. तिथली माणसं आमच्याकडे बघत होती. एकानं चहाची बशी अर्ध्यात धरली होती.

"तहान नाई मले," मी म्हटलं.

तिनं गडव्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली. पाणी तिनं कडुनिंबाच्या मुळाशी ओतलं, हळूहळू, धार बारीक ठेवून, सांडून वाया जाऊ नये म्हणून. मग ढाळ्यांवर पाणी शिंपडायला लागली. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले. पदराची गाठ सोडली नाही.

परत रस्ता ओलांडून मी मांडवात आले. छप्पर उतरवलेलं होतं, नुसते चार खांब उभे होते. रांजणावरचं झाकण काढलं आणि उभ्यानं दोन गडवे पाणी प्यायले. रस्ता तेव्हा आजच्यासारखा रुंद नव्हता. ती समोरच बसली होती.